चौथी पेटी

पहिली पेटी सासऱ्यांनी एका दृष्टिक्षेपात नापास केली.

"हे मांजराचं घर आहे की हवाखाना?" ते म्हणाले. "एवढ्या दारातून कुत्रं आत येऊन बसेल. आणि ती शाल काढ आधी. कापड ओल धरून बसतं. पेंढा भर, पेंढा. तो कोरडा राहतो, ऊब धरतो."

सूनबाईने निमूटपणे शाल बाहेर ओढली. मनातून मात्र तिला हायसे वाटले. ज्यांनी आजवर मांजराकडे ढुंकून पाहिले नव्हते, ते सासरे आज पेंढ्यापर्यंत येऊन पोहोचले होते. तिचा बेत मार्गी लागत असल्याची ही पहिली खूण होती.

ती रुग्णालयात परिचारिका होती. दूरच्या शहरातील एका नव्या रुग्णालयाने तिला मुख्य परिचारिकेचे पद देऊ केले होते. पद मानाचे होते. तथापि राहावयास मिळणार होती ती एका माणसापुरती खोली, आणि तीत कुटुंबातील कोणासही ठेवण्याची परवानगी नव्हती. शुक्रवारपर्यंत होकार कळवावयाचा होता. पती निवर्तल्यास तीन वर्षे झाली होती. तेव्हापासून या घरात सासरे आणि सून, अशी दोनच माणसे एकमेकांना धरून राहिली होती. म्हाताऱ्या जिवाला एकटे टाकून जावे कसे, या प्रश्नाने तिचे चित्त थाऱ्यावर नव्हते. बसली तर उठावेसे वाटे, उठली तर कशासाठी उठले ते आठवत नसे.

अशातच परसातील भिंतीलगत थंडीने कुडकुडणारी चार बेवारशी मांजरे तिच्या दृष्टीस पडली. ज्याच्या दाराशी चार जीव वाट पाहत आहेत, तो माणूस एकटा कसा म्हणावा? रुग्णालयात औषधे थर्मोकोलच्या पेट्यांतून येत आणि रिकाम्या पेट्या कचऱ्यात जात. त्यांतील चार तिने मागून आणल्या. चौथे घर उभे राहिले की सासऱ्यांना सारे सांगावयाचे, असे तिने मनाशी ठरविले.

अडचण एवढीच होती की सासरे कामाला हात लावीत नव्हते.

चाळीस वर्षे सुतारकाम केलेला तो मनुष्य. फळकुटाचा तुकडा दिसला तरी त्यांचे हात शिवशिवत. परंतु येथे ते स्टुलावर बसून केवळ सूचना देत. दार वीतभरच ठेव. मधोमध नको, कोपऱ्याला काप, म्हणजे वारा थेट अंगावर यायचा नाही. वरून प्लास्टिक गुंडाळ. खाली विटा घाल, जमिनीचा गारठा वर चढतो.

"तुम्हीच कापा ना, बाबा," तिने एकदा सुरी त्यांच्यापुढे धरली.

"तूच काप. तुला यायला हवं," ते म्हणाले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

खाणे घालण्याचीही तीच गत. कामावर जाताना ती भात कालवून ठेवी आणि सासऱ्यांना बजावून जाई. परत येऊन पाहावे, तो भात तसाच आणि मांजरांनी ओरडून परसदार डोक्यावर घेतलेले. विचारले की उत्तर ठरलेले, ती तुझ्याच हातचे खातात. एके दिवशी तिने खिडकीतून पाहिले. फाटक्या कानाचा पिवळा बोका, ज्याला ती जमादार म्हणे, सासऱ्यांच्या पायाला अंग घासत होता. सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिले, खाली वाकून त्याची मान क्षणभर खाजविली, आणि ती दारात दिसताच त्याला पायाने हलकेच तिच्या दिशेला सारले.

म्हणजे लळा लागतो आहे, परंतु म्हातारा तो लागू देत नाही! तिचा जीव टांगणीला लागला. त्यात त्या आठवड्यात सासरे दोनदा इस्त्रीचा सदरा घालून कोठेसे जाऊन आले. विचारले तर म्हणाले, पाय मोकळे करायला. घरात त्यांचा जीव रमत नाही, असा तिने अर्थ काढला.

शुक्रवारी सकाळी तिसऱ्या पेटीवर चिकटपट्टी लावताना तिचा धीर सुटला.

"बाबा, या मुक्या जिवांना थोडा जीव लावलात तर तुमचं काय जाणार आहे?"

सासऱ्यांनी पेंढ्याची एक काडी उचलून बोटांत फिरविली.

"हिवाळा वाईट असतो, पोरी," ते म्हणाले. "जिवाला सोबत हवी. म्हणून तर एवढं बसून सांगतोय."

कोणाच्या जिवाला, ते बोलले नाहीत. तिला विचारण्याची गरज भासली नाही. म्हाताऱ्याने अखेर मनातले बोलून दाखविले, असे समजून तिने त्याच दुपारी होकार कळवून टाकला.

शनिवारी उन्हे कलण्यापूर्वी चौथी पेटी भिंतीलगत बसली. जमादार आत शिरला, एक गिरकी घेतली आणि तोंड बाहेर काढून पसरला. सासरे गालातल्या गालात हसले. याहून बरी वेळ मिळणार नाही, हे जाणून तिने पदराला हात पुसले आणि एका दमात सारे सांगितले. पद, ती एका माणसाची खोली, सोमवारचे निघणे.

"वाटेल तेव्हा मी येत जाईन, बाबा. तुम्ही एकटे पडू नये म्हणूनच हा खटाटोप केला. आता ही मांजरं तुमच्या भरवशावर."

सासरे स्टुलावरून उठले, आणि पुन्हा बसले. भिंतीलगतच्या चारही घरांवरून त्यांची दृष्टी सावकाश फिरली.

"पोरी," ते म्हणाले, "वृद्धाश्रमाची गाडी मला न्यायला उद्याच येतेय. तू मोकळी व्हावीस म्हणून तिथं नाव नोंदवलं मी. ही मांजरं तर मी तुझ्या भरवशावर ठेवली होती."