पडक्या घरांची दवंडी

“पडकं असीन तुह्या बापाचं घर!” बबनराव ओट्यावरून खेकसले.

दवंडी देणाऱ्या पुंजाजीने डफडं खाली केलं. त्याच्या बापाचं घर खरंच पडकं होतं, आणि त्यात त्याची म्हातारी आई, कस्तुराबाई, हटून बसली होती. “माह्या घराले पडकं म्हन्तं काय रे? मी नाही हालत,” असं तिने सकाळीच बजावलं होतं.

वाशीमला झड लागली होती. कित्येक दिवसांत ऊन दिसलं नव्हतं. जुन्या घरांच्या मातीच्या भिंती पाणी पिऊन फुगल्या होत्या. पडक्या घरांतल्या लोकांनी सरकारी शाळेत राहायला यावं, अशी दवंडी द्यायचा तहसीलदारांचा हुकूम होता. ओरडून ओरडून पुंजाजीचा घसा बसला, पण शाळेकडे चिटपाखरू फिरकलं नाही.

मग त्याने आपल्या अकलेने ‘पडक्या’च्या जागी ‘जुनी घरं’ म्हणून पाहिलं. तर गल्लीतला फुलचंद शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवी आणि शेजारी फुलचंदच्या. पुंजाजी रडकुंडीला आला. माणसांचा मान राखायला भिंती थोड्याच थांबणार होत्या!

तिन्हीसांजेला तो चौकात उभा राहिला. देवाचं नाव घेतलं आणि डफडं जोरात वाजवलं.

“ऐका हो ऐका! गावातल्या खानदानी घरांतल्या समद्या मंडळीनं आजच्या आज शाळेत मुक्कामाले यावं! जागा राखून ठेवली हाय हो!”

अंधार पडायच्या आत रस्ता माणसांनी भरला. सगळ्यांच्या पुढे बबनराव, डोक्याला रुमाल बांधून. मागे राहणारा उद्या कोणत्या तोंडाने गावात फिरणार?

पुंजाजी मात्र घराकडे पळाला. म्हातारीला आता उचलूनच न्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. दारात पोचून त्याने आत पाहिलं. मागची भिंत बसली होती. आईच्या बाजेवर मातीचा ढीग होता. हाका मारत त्याने दोन्ही हातांनी माती उपसली. बाज रिकामी होती.

तो तसाच शाळेकडे धावत सुटला. पहिल्याच खोलीत, बबनरावांच्या बायकोला अगदी खेटून, कस्तुराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. पुंजाजीने तिच्या पायांवर डोकं टेकलं आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

“रडतं कायले?” ती म्हणाली. “आपलं घर कसं हाय, ते सरकारले बी कयलं. तुलेच कवा कयलं नाही.”