दुसरं दुकान

राजकोटच्या भावेशची ऑनलाइन दुकानं दोन, आणि नावं मुद्दाम वेगळी. पहिल्यात अंथरुणाला खिळलेल्यांसाठी हवेच्या गाद्या आणि डायपर, दुसऱ्यात गेलेल्या माणसाच्या फोटोला घालायचे चंदनाचे हार. पहिल्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला सहा महिन्यांनी दुसऱ्यातून आपोआप मेसेज जायचा: 'आपल्या माणसाच्या आठवणीसाठी चंदनाचा हार, तीस टक्के सूट.'

"लोकांच्या मरणावर टपून बसता, लाज नाही वाटत?" बायको फाल्गुनी म्हणायची.

"अगं, दोन्ही दुकानं एकाचीच आहेत हे कळतंय कुणाला?" भावेश हसायचा.

मे महिन्यात डॉक्टरांनी हात टेकले आणि त्याच्या आईला, म्हणजे 'बा'ला, घरी पाठवलं. भावेशने गादी आपल्याच दुकानातून मागवली, तीही बाच्या मोबाइलवरून. तेवढीच एक विक्री वाढली, वर पाच तारे. कॅन्सरचं मात्र त्याने तिला कळू दिलं नाही. "मणक्याचं दुखणं आहे, बा. उत्तरायणला तुला गच्चीवर नेणार. पतंग मी उडवीन, पण मांज्याची फिरकी कोण धरणार?" असं तो रोज म्हणायचा आणि बा हसायची.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी दुसऱ्या दुकानात हाराची मागणी आली. पत्ता त्याच्याच घराचा होता. खाली दुकानदारासाठी निरोप होता:



"भाई, हार जरा भरगच्च पाठवा. मुलगा अजून फिरकीच्याच गोष्टी करतो. मला खरं सांगणारे तुम्ही एकटेच निघालात."