रविवारचा कळप

काचेपलीकडचा जाडजूड साल्मन मासा टाकीच्या टोकापर्यंत गेला आणि वळून परत काचेशी आला. म्हातारी एल्ले म्हणाली, "हा आपलाच भाऊबंद. वेळच्या वेळी खायला मिळतं, आणि जायला कुठे नाही."

वृद्धाश्रमाची सगळी मंडळी हसली. हेइकाही हसला. खरं तर आज चर्चला जायचं होतं. पण वादळाने तिकडचा रस्ता बंद केला, म्हणून त्यांची देखभाल करणाऱ्या काइसाने बस या प्राणिबागेकडे वळवली. अस्वल झोपलेलं होतं. लांडगा लोकांकडे पाठ करून बसला होता. आता राहिले रेनडियर.

"त्यांच्यात काय बघायचंय?" हेइका म्हणाला. "जन्मभर तेच केलं." पण काठी टेकत सगळ्यांच्या पुढे तोच निघाला.

कुंपणाशी परदेशी पाहुण्यांची गर्दी होती. जाड हातमोज्यांतून ते जनावरांना मूठ मूठ दगडफूल भरवत होते. एका रेनडियरने मान वर केली. हेइकाने सवयीने आधी कान बघितले. डाव्या कानाचं टोक तिरकं छाटलेलं, उजव्याला खालून दोन खाचा. मालकीची ही खूण त्याच्या बापाने त्याला दिली होती, बापाला त्याच्या बापाने. अख्ख्या मुलखात ती दुसऱ्या कुणाची नव्हती. त्याने पुढचं जनावर बघितलं. मग त्याच्या पुढचं.

"माझे आहेत हे," तो म्हणाला.

"हो का? छानच की," काइसा म्हणाली. ज्यांना काही आठवत नसे त्यांच्याशी ती ज्या सुरात बोलायची, त्याच सुरात.

एल्लेने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुझे तर डोंगरात आहेत ना रे? नीलास दर रविवारी सांगतो की."

सांगायचाच. हेइकाचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्याच्या मुलाचा, नीलासचा, एक रविवार चुकला नव्हता. संध्याकाळी खाटेशी बसून तो कळपाची खबर द्यायचा. कोण व्याली, कुणाचं शिंग मोडलं, कळप कुठल्या दरीत उतरला. त्या खबरीवर म्हातारा पुढचा आठवडा काढायचा. आणि नीलासने आणलेलं सुकं मांस आश्रमात वाटताना प्रत्येकाला म्हणायचा, "घ्या, घरचं आहे."

तेवढ्यात घंटा वाजली. लाकडी झोपडीतून निळा अंगरखा आणि चौटोकी टोपी घातलेला एक माणूस हातात लांब दोर घेऊन बाहेर आला. इंग्रजीत काहीतरी ओरडला. पाहुणे हसले. त्याने दोर फिरवला आणि खांबावर ठोकलेल्या शिंगांत अचूक फास टाकला. टाळ्या पडल्या.

तो नीलास होता. अंगरखा हेइकाचा होता. त्याच्या बाह्यांवरच्या लाल पट्ट्या हेइकाच्या बायकोने, डोळे अधू झाल्यावर, चाचपत शिवल्या होत्या.

आता दोर टाकायला कोण येतंय, असं नीलास पाहुण्यांना विचारत होता. हेइकाने काठी एल्लेच्या हातात दिली आणि फाटक ढकलून तो आत गेला. त्याला पाहून नीलासचं इंग्रजी अर्ध्यावरच थांबलं.

"दे इकडे," हेइका म्हणाला.

नीलासने दोर दिला. म्हाताऱ्याने त्याची वेटोळी हातात नीट लावून घेतली. खांबाकडे त्याने पाहिलंही नाही. दोर सुटला, नीलासच्या टोपीवरून खाली आला आणि कोपरांशी आवळला. पाहुण्यांत एकच हशा उसळला.

अडेल जनावर ओढावं तसा म्हातारा त्याला हातावर हात टाकत ओढू लागला. नीलासच्या बुटांखाली बर्फ करकरला. त्याने जोर लावला असता तर म्हातारा तोंडावर पडला असता. त्याने जोर लावला नाही.

"बाबा, सोडा. लोक बघताहेत."

"बघायलाच आलेत ते. कधी विकलेस?"

"गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात." नीलासचा आवाज एकदम खाली गेला. "बर्फावर पाऊस पडला, बाबा. वर सगळी काच झाली. खुरं फुटली त्यांची, पण खालचं दगडफूल निघेना. मी कुऱ्हाडीने फोडत होतो. किती फोडणार? मेलेल्यांचे ढीग लावले या हातांनी. उरले ते इथे आणले. इथे निदान खातात."

"आणि मला काय सांगत होतास?"

"तुम्हाला जे ऐकायचं होतं ते."

हेइकाच्या हातात दोर ताणलेलाच राहिला. नीलासचे डोळे भरले होते. ते पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते.

गर्दीतून लाल टोपीवाला एक पाहुणा पुढे झाला. कॅमेरा उंच धरून हसत हसत काहीतरी म्हणाला आणि त्याने एक बोट वर केलं.

"काय म्हणतोय?" हेइकाने विचारलं.

काइसा कुंपणापाशी आली होती. तिने एकदा नीलासकडे पाहिलं. "म्हणतोय, फार छान झालं," ती चाचरत म्हणाली. "पण त्याचा फोटो हुकला. पुन्हा एकदा कराल का, विचारतोय."

हेइकाने फास सैल केला आणि मुलाच्या डोक्यावरून काढून घेतला. दोर ओढून घेत त्याची वेटोळी पुन्हा हातात लावली.

"जा," तो नीलासला म्हणाला. "उभा राहा तिथे."