टाकीतली बाळंतीण

"झाली का गं बाळंत तुझी सून?" द्रुपदामावशींनी तिसऱ्या दिवशीही हाक मारली आणि मासळी बाजारातल्या सगळ्या कोळणी हसल्या.

केतकी कसनुसं हसली. कोळंबीच्या प्रजननावर ती संशोधन करत होती. हंगाम संपत आला होता आणि अंड्यांनी भरलेल्या दोन माद्या तिच्या टाकीत मेल्या होत्या. ही तिसरी मावशींनीच पाठीवरची अंड्यांची हिरवी रेघ उन्हात पाहून निवडून दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी धावतच आली. "मावशी, झाली!"

"मुलगा की मुलगी?"

"दोन लाख अंडी!"

कोळंबी सोलणारे मावशींचे हात थांबले. आजवर हजारो सोलल्या, पण बाळंतपणाची खबर पहिल्यांदाच आली होती.

"अगो बाय," त्या हळूच म्हणाल्या, "एवढ्यांच्या बारशाला घुगऱ्या कुठून आणू?"