कललेला झोपाळा

“काकू, चित्राच्या एक्स-रेत काहीच नाही दिसलं,” संग्रहालयातली तज्ज्ञ मुलगी हळूच म्हणाली. “रंगाखाली कुणीच नाही. सरांनी आधी सुरीने सगळं खरवडून काढलंय.”

इंदुमतीबाई समोरच्या चित्राकडे बघत राहिल्या. नवऱ्याचं सर्वांत गाजलेलं चित्र. रिकामा झोपाळा, फळी डावीकडे कललेली. कुणी म्हणे, हा ढासळता काळ. कुणी म्हणे, उडून गेलेला आत्मा.

खरं तर चित्रात तिथे आधी त्यांची लेक चिमी बसली होती. ती तापात गेली, तेव्हा बाईच नवऱ्यावर ओरडल्या होत्या, “पुसून टाका तिला! मला बघवत नाही.”

नंतर मात्र चिमीच्या दर वाढदिवसाला त्या इथे यायच्या. रंगाखाली का होईना, लेक आहे, एवढ्याच आधारावर.

“मीच सांगितलं होतं,” त्या पुटपुटल्या.

तज्ज्ञ मुलगी अवघडली. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, “मग फळी सरळ करायची सर विसरले का हो?”

“नाही गं.” बाईंनी फळीच्या वर उचललेल्या, मोकळ्या टोकाकडे बोट केलं. “ती अशी कडेलाच बसायची. ही जागा माझ्यासाठी ठेवून.”