पुढची बस

तपासनीस शुक्रवारी येणार असल्याचं पत्र मास्तरांच्या हातात पडलं गुरुवारी. ते आलं होतं सोमवारच्या बसने. पण इंग्रजीत असल्यामुळे पोस्टमनने वाचनाचा सराव म्हणून तीन दिवस घरी ठेवून घेतलं होतं.

"जवळजवळ सगळं समजलं, मास्तर," तो अभिमानाने म्हणाला. "तुमचं नेमणुकीचं पत्र बघणार आहेत म्हणे."

मास्तरांनी त्याची पाठ थोपटली. नेमणुकीचं पत्र त्यांच्याकडे नव्हतं, कारण त्यांची नेमणूकच झालेली नव्हती.

पाच वर्षांपूर्वी ते या गावात आले ते मासळीच्या कारखान्यातलं शीतयंत्र दुरुस्त करायला. कारखाना आदल्याच आठवड्यात बंद पडला होता, हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. बसथांब्यावर मात्र नगराध्यक्ष, खाटीक आणि न्हावी असे तिघे उभे होते. परदेशातून इंग्रजीचा मास्तर येणार, असं त्यांना राजधानीतून कळलं होतं. गावाकडे तोवर कुणी परदेशी फिरकलेला नव्हता. त्यामुळे परदेशी उतरला म्हणजे तो मास्तरच.

"प्रवास कसा झाला, मास्तर? आधी जेवून घ्या."

परतीची बस चार दिवसांनी होती. भुकेल्या माणसाला 'नाही' म्हणायला वेळ लागतो. मास्तरांना पाच वर्षं लागली, तरी जमलेलं नव्हतं.

इंग्रजी त्यांना येत होतं ते यंत्रांच्या सूचनापुस्तिकांमधलं. मग गावालाही तेच येऊ लागलं. खाटीक गिऱ्हाइकाला निरोप देताना 'कोरड्या जागी ठेवावे' असं अस्खलित इंग्रजीत सांगे. न्हाव्याने बायकोला लग्नाच्या वाढदिवशी चिठ्ठी लिहिली, 'बिघाड झाल्यास स्वतः उघडू नये.' तिने ती चौकटीत लावली. पुस्तकातले धडे मास्तर आदल्या दिवशी स्वतः शिकत आणि दुसऱ्या दिवशी शिकवत. वर्षाचा अहवाल वगैरे त्यांनी कधी पाठवला नाही आणि वरूनही कधी कुणी मागितला नाही. सरकारी कारभार, दुसरं काय.

वर्गात सगळ्यांत मठ्ठ कोण असेल, तर शेवटच्या बाकावरची पाववाली बाई. तीही बाहेरचीच. मास्तरांच्या मागोमाग पुढच्या बसने आली आणि बेकरीत कामाला लागली. तिचं अक्षर मोत्यासारखं, पण चुका ढीगभर. आणि प्रश्न तर असे, की वर्ग हसून लोळायचा.

"मास्तर, तुम्ही सांगता त्याच्या बरोब्बर उलटं माझ्या पुस्तकात छापलंय. मी पान चुकीचं उघडलं का हो?"

मास्तर घरी जाऊन पान बघत, घाम पुसत आणि दुसऱ्या दिवशी म्हणत, "काल मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं. कोण जागं आहे ते बघायला."

"मी तर झोपलेच होते," बाई म्हणायची.

त्या गुरुवारी मास्तर सरळ बेकरीत गेले.

"बाई, कुणाला तरी सांगायलाच हवं. मी मास्तर नाही."

"पाव गरम आहे. आधी खा."

"मी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस आहे."

बाईने वर पाहिलं. "मग पाच वर्षं या भट्टीचा पंखा खडखडतोय, तो का नाही दुरुस्त केलात?"

"मास्तराने पंखा खोलला, तर लोकांना संशय नाही का येणार?"

बाई हसली नाही. निदान मास्तरांना तरी तसं दिसलं नाही, कारण ती भट्टीकडे तोंड करून उभी होती.

"उद्याच्या बसने निघून जातो."

"त्याच बसमधून तपासनीस उतरणार. दारातच टक्कर होईल."

"मग तुरुंग. आणि वर्ग बंद." मास्तरांनी पाव खाली ठेवला. "तुरुंगाचं काही नाही हो. पण संध्याकाळी सहा वाजता ही माणसं जाणार कुठे? मी जाणार कुठे?"

बाईने पाव पुन्हा त्यांच्या हातात दिला. "मी आले त्या दिवशी खिडकीतून तुमचा वर्ग पाहिला होता. सगळे हसत होते, तुम्ही सगळ्यांत जास्त. म्हटलं, बसू या इथेच. उद्या धडा नीट वाचून या. आणि आता पंखा खोला, कुणी बघत नाहीये."

शुक्रवारी वर्ग खच्चून भरला होता. खाटकाने धुतलेला शर्ट घातला होता. तपासनीस बारीक चणीचे, चष्मा नाकाच्या टोकावर. ते आत आले आणि हातातली फाइल टेबलावर ठेवून म्हणाले, "तुमचे अहवाल दर महिन्याला वेळेवर येतात. अक्षर तर काय सुंदर! असा शिक्षक स्वतः पाहावा म्हणून मुद्दाम आलो."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "साहेब, मला काही कबूल करायचंय..."

"नंतर. आधी नेमणुकीचं पत्र."

मग शेवटचा बाक करकरला. पाववाली बाई उठली, पदराला हात पुसत पुढे आली आणि पिशवीतून एक घडीवर घडी पडलेला लिफाफा काढून तिने टेबलावर ठेवला.

तपासनिसांनी पत्र उलगडलं. वरच्या कोपऱ्यातला फोटो पाहिला. मग बाईकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे.

"बाई, मग हे फळ्यापाशी कोण उभे आहेत?"

बाईने उत्तर इंग्रजीत दिलं, एकही चूक न करता, वर्गातल्या शेवटच्या माणसाला कळेल इतक्या सावकाश.

"हा माझा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. आज धडा घ्यायची पाळी त्याची आहे."