साखर पडणार

बारा वाजता देशाच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवले आणि साखरेचा वायदेबाजारातला भाव पडायचं सोडून वर चढायला लागला. विश्लेषक पडद्याकडे बघतच राहिला. इतका आगाऊपणा साखरेने याआधी कधी केला नव्हता.

त्याचं गणित चोख होतं. व्याज वाढलं की कर्ज काढून गोदामात माल धरून ठेवणं महागात जातं. मग गोदामवाले माल बाहेर काढतात आणि भाव उतरतो. सकाळी दहाला त्याने हेच लिहून चार हजार ग्राहकांना पत्रक पाठवलं होतं. घरच्यांना सांगायचं ते ग्राहकांनंतर तासाभराने, असा ऑफिसचा नियम. बाकीचे तो सर्रास मोडत. याने सख्ख्या बहिणीसाठीही मोडला नाही, म्हणून ऑफिसात त्याचं नावच धर्मराज पडलं होतं.

अकराच्या ठोक्याला त्याने ताईला फोन केला. तिचा बिस्किटांचा कारखाना, पदरी चाळीस माणसं. पुढच्या सहा महिन्यांची साखर तिला आजच ठरवायची होती. थांब, साखर पडणार, असं त्याने सांगितलं. ताई बरं म्हणाली.

दीड वाजेपर्यंत भाव असा चढला की बिस्किटं करण्यापेक्षा कारखान्याला कुलूप लावलेलं परवडलं असतं. ताई फोन उचलेना. डबा तसाच टाकून तो निघाला.

ताई भट्टीपाशी बिस्किटं मोडून बघत होती. माझ्यामुळे बुडालीस, एवढंच त्याला म्हणता आलं. डोळे भरून आले होते. ताईने त्याच्या हातावर एक बिस्किट ठेवलं आणि म्हणाली, साखर सव्वाअकरालाच घेतली, आठवड्यातल्या सगळ्यात खालच्या भावाने.

सुटलो म्हणावं की रागवावं, त्याला कळेना. शेवटी तो रागावला.

"म्हणजे माझ्यावर तुझा विश्वास नाही."

"तुझ्यावरच आहे," ताई म्हणाली. "तुझा फोन येतो तोवर ते चार हजार जण विकून मोकळे झालेले असतात. मग पडायला उरतं काय? तू मला आधी सांगितलं असतंस, तर थांबले असते. पण तू तसं कधी करणार नाहीस. त्याच भरवशावर घेतली."